दाजींनी ब्रेक वेळेवर दाबला होता

आष्टीकडच्या आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट अजून सांगितली जाते. आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी, मेहुण्याची गाडी ट्रॉलीखाली घातली, बायकोचा पाय जन्माचा अधू केला, आणि मेहुणा एवढ्या मोठ्या मनाचा की त्याने एका शब्दाने जाब विचारला नाही. त्यातला मेहुणा मी. गाडी ट्रॉलीखाली गेली, हे खरं. बहिणीचा पाय अधू झाला, हेही खरं. मी जाब विचारला नाही, हेही खरंच आहे. का विचारला नाही, तेवढंच त्या गोष्टीत नाही.

ते मी यंदाच्या उन्हाळ्यात घरातल्या माणसांना सांगितलं. पण घरात सांगून नात्यातली गोष्ट बदलत नाही. ती लग्नाकार्यात पंगतीला बसलेल्यांच्या तोंडी असते, तिथपर्यंत माझा आवाज पोचत नाही आणि पोचवण्याइतका दमही आता राहिलेला नाही. म्हणून लिहून काढतो आहे.

पाटबंधारे खात्यात कारकुनी करून मी जालन्यात निवृत्त झालो. आयुष्यभर सायकल आणि मग स्कूटर. निवृत्तीनंतर एक जुनी पांढरी गाडी घेतली. घेणाऱ्याच्या नजरेला ती नवीच होती. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचो. शेजारी हसायचे, हसू द्या म्हणायचो.

वर्षभराने गाडी ओरडायला लागली. ब्रेक हलका दाबला की पुढच्या चाकातून बारीक, कानात शिरणारी किंकाळी यायची. जालन्यात गाडीचा कुठलाही आवाज धुळीच्या नावावर खपतो. मीही धूळ म्हणालो. दोनदा चाकं धुऊन घेतली. धुळीचा आवाज असता तर धुतल्यावर गेला असता. हा गेला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

धान्याच्या मोंढ्यामागे एक गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीने चाक काढून दाखवलं. ब्रेकचं पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर चिकटवलेला घट्ट मसाल्याचा थर. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड चाकाच्या तबकडीला आवळून धरतात, आणि दर वेळी थोडी थोडी झिजतात. पॅडच्या कडेला लोखंडाची एक पातळ जीभ असते. थर तळाशी आला की ती जीभ तबकडीला लागते आणि ओरडते. ओरडण्यासाठीच ती तिथे ठेवलेली असते. मिस्त्री म्हणाला, थर नखाच्या जाडीएवढा राहिलाय, बदलून टाका. माल मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला भोकरदनला जायचं होतं, मुलासाठी मुलगी पाहायला. होणाऱ्या सोयऱ्यांच्या दारात गाडी अशी किंचाळत उभी राहिली तर बघणारे काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी त्याला म्हटलं, पॅडचं नंतर पाहू, उद्यापुरता आवाज तेवढा बंद कर. त्याने माझ्याकडे पाहिलं, पक्कड घेतली आणि चारही जिभा मागे वाकवून टाकल्या.

"आता ती वरडणार न्हाई, काका," तो म्हणाला. "आता ध्यान तुमालाच ठेवावं लागंल. जल्दी या."

सोयरीक जमली. गाडी लोण्यासारखी थांबत होती. मी गॅरेजकडे गेलो नाही. विसरलो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. दर आठवड्याला आठवायचं आणि दर आठवड्याला काही ना काही असायचं. आवाज नव्हता, त्यामुळे घाईही नव्हती.

पुढे एकदा समोर, हँडब्रेकची खूण असते तिथे, लाल दिवा लागला. गाडीचं पुस्तक काढून वाचलं. ब्रेकचं तेल कमी झालं होतं. मी तेलाची बाटली आणली, तेलाच्या डबीचं झाकण उघडून खुणेपर्यंत भरलं, दिवा विझला. फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. पॅड झिजत जातं तसं डबीतलं तेल खाली उतरतं, तो दिवाही त्या जिभेसारखाच सांगत असतो. तेल वर आणलं की दिवा विझतो, पॅड मात्र होतं तेवढंच राहतं. अशी मी गाडीची दोन्ही तोंडं बंद केली.

त्या साली अधिक महिना पावसाळ्यात आला. आमच्याकडे अधिकात लेक-जावयाला धोंड्याचं जेवण असतं. पुरण भरलेले धोंडे करायचे, दोघांना पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, त्या दिवशी जावई म्हणजे देवच. वडील नव्हते, म्हणून ते सगळं माझ्याकडे. आई होती. तिने दिवस ठरवला, आष्टीला निरोप गेला.

आदल्या दिवशी मी बाजारातून सामान घेऊन आलो. घरासमोर ब्रेक दाबला आणि पायाखालून आवाज आला. किंकाळी नव्हे, घरघर. रिकामं जातं फिरवलं की दगडावर दगड जसा घासतो, तसा. आत दळायला काही उरलेलं नव्हतं. थांबता थांबता गाडी ठरल्या जागेच्या पुढे गेली. मी गाडीतच थोडा वेळ बसून राहिलो. मला समजलं होतं. हे मी आज स्पष्ट लिहितो, कारण याच वाक्यासाठी बाकीचं लिहिलं आहे. मला समजलं होतं. पाहुणे जाऊ द्या, मग गॅरेजला नेऊ, असं म्हणून मी पिशव्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण लांबलं. आष्टीकडची सोयीची बस निघून गेली. पाऊस भुरभुरत होता. ओसरीवर दहा-पंधरा माणसं बसलेली, आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "धोंड्याच्या दिशी जावयाला यष्टीनं लावतो काय रे? दारात गाडी उभी हाय की."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुणी गाडी मागितली आणि द्यायची नसली, तर कुणी नाही म्हणत नाही. ब्रेकचं काम निघालंय, बॅटरी उतरलीय, असं काहीतरी सांगतात. मागणाऱ्यालाही अर्थ कळतो. मी स्वतः चुलत्यांच्या पोराला दोनदा असं सांगितलं होतं, आणि तोच त्या दिवशी ओसरीवर बसला होता. धोंड्याच्या दिवशी, जावयाला, सगळ्या भावकीपुढे, ब्रेक खराब आहेत म्हणायचं? खरं होतं तरी ते बहाण्यासारखंच वाटलं असतं. मी उठलो आणि खुंटीवरची किल्ली काढली.

दाजी एके काळी अंकुशनगरच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. नंतर गावातली जीप त्यांच्याच हाती असायची. बाळंतीण न्यायची असो की वरात, दाजींना बोलावायचे. कुणाचंही वाहन हाती घेताना ते एक प्रश्न विचारायचे. मलाही विचारला.

"दादा, ब्रेक बराबर हाय ना?"

"बिलकुल बराबर," मी म्हणालो. "कालच तर फिरवली."

परतूरच्या पुढे, आष्टीच्या अलीकडे, रस्ता एका नाल्यावर उतरतो. पुलावर रिकाम्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर बंद पडून उभा होता. दाजींनी ब्रेक दाबला. गाडी घरघरली, मंदावली, पण थांबली नाही. डावी बाजू ट्रॉलीखाली गेली. डाव्या बाजूला बहीण बसली होती. दाजींना खरचटलंसुद्धा नाही, आणि त्यांच्यासाठी तेच सगळ्यात वाईट झालं.

मांडीचं हाड मोडलं होतं. आत सळई घातली. पाय वाचला, पण आखूड झाला.

मोडलेली गाडी गॅरेजला आली तेव्हा मिस्त्रीने मला पॅड दाखवलं. मसाल्याचा थर औषधालाही नव्हता. नुसती लोखंडी पट्टी, घासून चकचकीत झालेली. दवाखान्यात जाऊन सांगावं, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण मी पोचलो तेव्हा दाजी बहिणीच्या खाटेजवळच उभे होते, त्याच दोन दिवसांच्या कपड्यांत. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

"दादा, तुमची गाडी घातली म्या. आन तुमची बहीण बी. म्या ब्रेक उशिरा दाबला असंल. मला काई समजंना झालंय."

सांगायला तेवढा क्षण पुरेसा होता. मी त्यांचे जोडलेले हात खाली केले आणि म्हणालो, "जाऊ द्या दाजी. गाडीचं काय घेऊन बसलात, माणूस वाचलं."

मागे आई उभी होती, दाजींचे थोरले भाऊ उभे होते. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझ्या मोठेपणाची गोष्ट तिथे तयार झाली.

दुसरा कुणी गाडी चालवत असता तर भांडण झालं असतं. वेग किती होता, ब्रेक कधी दाबला, लागला का नाही, अशी उलटतपासणी झाली असती, आणि त्यात कुणीतरी म्हणालं असतं की गाडीच बघा ना एकदा. पण ते जावई होते. आईने घरात सगळ्यांना बजावलं, पाव्हण्यांना कुणी बोलायचं नाही. कुणी बोललं नाही. आरोपच केला नाही, मग ते उत्तर कसलं देणार? मान मात्र पूर्वीपेक्षा जास्त मिळाला. कुठे निघायचं झालं की, तुम्ही बसा दाजी आरामात, पोरगं चालवील. त्यांच्या घरीही तेच. पुतण्यांनी जीपची किल्ली त्यांच्या हाती पुन्हा दिली नाही. अशा मानाने माणूस मागच्या सीटवर जाऊन बसतो आणि तिथेच म्हातारा होतो.

बहीण मात्र बोलायची. ती बायको, तिला कोण अडवणार? पायरी चढताना, उठताना, थंडीत पाय ठणकला की, "ह्यांची कृपा." चारचौघांत गाडीचा विषय निघाला की हसत म्हणायची, "ह्यांचा ब्रेक माझ्या मांडीत बसवलाय." सगळे हसायचे. दाजीही हसायचे.

आई गेली. अधिक महिने येत राहिले. मी दर वेळी धोंडे डब्यात भरून आष्टीला पाठवत राहिलो, कधी हे कारण, कधी ते. दाजींचे पाय धुवायला बसणं मला होत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, मला अजून त्या अपघाताची आठवण होते. ते बरोबरच होतं.

यंदा अधिक ऐन उन्हाळ्यात आला. मुलगा म्हणाला, बाबा, आत्या-मामा आता थकलेत, यंदा आपण त्यांना घरी आणू. तोच सकाळी लवकर आष्टीला गेला. दुपारी मी ओसरीवर बसलो होतो. त्याची गाडी फाटकातून आत वळली, आणि चाकातून ती बारीक किंकाळी आली.

इतक्या वर्षांनीही मी ती ओळखली.

दाजी उतरले, वाकून चाकाकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "पॅड सरलेत वाटतं. आवाज करून राह्यलेत. बगून घ्या."

"धूळ असंल मामा," मुलगा म्हणाला.

बहीण एक पाय आधी, मग दुसरा असं करत उतरत होती. "आरं, ह्यांना नको विचारू ब्रेकचं," ती म्हणाली. "ह्यांचा ब्रेक माझ्या मांडीत हाय." सून हसली. दाजी हसले आणि तिच्या गुडघ्याखाली हात देऊन तिला पायरी चढवायला लागले. त्यांचं ते हसू मी पूर्वी नीट पाहिलं नसावं. ओठांनी हसत होते, नजर पायरीवर होती.

सुनेने पाट मांडले होते. परात, तांब्या, गंध-फूल सगळं तयार. दोघं बसले. मला खाली बसायला मुलाने हात दिला. दाजींचे पाय परातीत घेतले. टाचा भेगाळलेल्या, बोटं वाकडी झालेली. उजव्या पायावर मी पाणी घातलं आणि माझा हात तिथेच राहिला. ब्रेक दाबला होता तो हाच पाय.

मी मान वर केली नाही. परातीकडे पाहतच सांगत गेलो. जीभ कशी वाकवली, तेल कसं भरलं, आदल्या दिवशी जात्यासारखा आवाज कसा आला. त्यांनी विचारलं तेव्हा मी बराबर म्हणालो, ते खोटं होतं. मिस्त्रीने पट्टी दाखवली होती. मी सांगितलं नाही. सांगायला तेव्हा भ्यालो, नंतर लाज वाटली, आणि पुढे लोक मला मोठ्या मनाचा म्हणायला लागले ते गोड लागलं.

मग दाजींनी विचारलं, अगदी हळू, कुणाला दुखवायचं नाही अशा बेताने.

"म्हंजी, म्या ब्रेक टायमावर दाबला व्हता?"

"हो," मी म्हणालो. "तुम्ही वेळेवर दाबला होता."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मला वाटायचं, माझाच डोळा लागला असंल," ते म्हणाले. "धोंडे जास्ती खाल्ल्ते त्या दिशी. इतक्या वर्साचं तेच मनात घिऊन बसलो. जेवलो की गाडीत बसायचं म्या बंद केल्तं."

बहीण माझ्याकडे पाहत होती. ती लहानपणापासून मला कधी उलट बोलल्याचं आठवत नाही.

"दादा," ती म्हणाली, "तू माझ्या खाटंजवळ उभा राहून ह्यांना माफ केलंस."

मला उठता येत नव्हतं. मुलगा आला नाही, तो भिंतीला टेकून उभा होता. शेवटी दाजींनीच ओल्या पायांनी उठून मला काखेत हात घालून उठवलं.

जेवण झालं. दाजी म्हणाले, वाढलेलं पान टाकून उठू नाही. सगळे खाली मान घालून जेवले. धोंडे निवून गेले होते.

मी मुलाला म्हटलं, पॅड बदलल्याशिवाय ही गाडी यांना घेऊन फाटकाबाहेर जाणार नाही. तो गाडी घेऊन गेला. उन्हं उतरल्यावर परत आला. जुनी पॅड त्याने मागून आणली होती, कागदात गुंडाळून. दाजींनी एक हातात घेतलं. अंगठ्याने थर चाचपला, कडेची जीभ पाहिली, तिचं टोक घासून उजळलं होतं.

"अशीच व्हती का?"

"याहून वाईट," मी म्हणालो. "यात अजून थोडं शिल्लक आहे. त्यात काहीच नव्हतं."

त्यांनी ते पुन्हा कागदात गुंडाळलं आणि आपल्या पिशवीत, टॉवेलखाली ठेवलं. कशाला, ते मी विचारलं नाही. पुतण्यांना दाखवणार असतील. दाखवावं. त्याबरोबर माझं हे लिहिलेलंही दाखवावं.

निघताना मुलाने किल्ली त्यांच्यापुढे धरली. "मामा, तुम्ही चालवता?" त्याच्या मनात चांगलंच होतं. दाजींनी किल्लीकडे पाहिलं, घेतली नाही.

"आता न्हाई दिसत बाबा," ते म्हणाले. "दोनी डोळ्यांत पडदा हाय. आष्टीपस्तोर कसा नेऊ तुला?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पाच-सात वर्सांखाली धरली असती तर नेली असती."

बहीण गाडीत चढायला लागली. तो पाय तिला एवढा उचलत नाही, दाराच्या कडेला अडकतो. तिने दाराला धरलं, पाय उचलला, खाली आला. पुन्हा उचलला. "ह्यांची," ती सवयीने म्हणाली, आणि थांबली.

दाजी नेहमीप्रमाणे वाकले होते, गुडघ्याखाली हात दिलेला. तेही तसेच थांबले. दुसरा कुठला शब्द तिच्याकडे तयार नव्हता. इतकी वर्षं एकच होता. ती तशीच एका पायावर उभी राहिली, मग तिने दारावरचा हात सोडून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"उचला," ती म्हणाली.

त्यांनी पाय उचलून आत ठेवला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. गाडी फाटकातून बाहेर गेली.